तुपाची लोटी आणि लांबलेला हात

हौशी कथास्पर्धांचं परीक्षण ज्यांनी कधी केलं असेल, त्यांना एक वाक्य तोंडपाठ असतं : 'आणि तेवढ्यात मला जाग आली.' आठ पानं वाचकाला जंगलातून, पडक्या वाड्यातून, वारलेल्या आजोबांशी गप्पा मारत फिरवून आणायचं आणि शेवटच्या ओळीत गजराचं घड्याळ वाजवायचं. कडेवर बसवून जत्रा दाखवली, फुगा घेऊन दिला, आणि घरी आल्यावर तोच फुगा टाचणीने फोडला, तसं वाटतं वाचताना. मूल रडणार नाही तर काय करणार?

वाचकहो, या वेळी याच दुखण्याबद्दल बोलू. कथेत खरं आणि कल्पित एकमेकांत मिसळायचं कसं? दोन्हीमधली रेघ पुसायची कशी? आणि मुख्य म्हणजे, पुसायची कशासाठी?

गंमत अशी की जगातल्या सर्वांत गाजलेल्या अशा कथांपैकी एक 'जाग येण्या'नेच सुरू होते. काफ्काची 'मेटामॉर्फोसिस' १९१५ साली छापली गेली. ग्रेगोर साम्सा सकाळी जागा होतो तो किडा होऊनच. जाग येते ती पहिल्याच वाक्यात, आणि मग सुटका नाही. किडा झालेल्या ग्रेगोरला चिंता कसली, तर गाडी चुकली, कामावर उशीर झाला, साहेब काय म्हणतील! आपल्या भिलाईत पहिल्या पाळीला धावणाऱ्या कुणालाही ही चिंता समजावून सांगावी लागणार नाही. किडा होण्यावर विश्वास बसतो तो त्या चुकलेल्या गाडीमुळे.

पण त्यासाठी प्रागपर्यंत जायची गरज नाही. भिलाईहून जी. ई. रोडने पश्चिमेला निघा, दुर्ग ओलांडा, तासाभरात राजनांदगाव येतं. तिथल्या दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध शिकवत होते. १९६४ साली ते गेले. घरची भाषा मराठी, लिहायची भाषा हिंदी. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मात्र मराठीतच लिहीत राहिले आणि १९७९ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. एका घरातून दोन भाषांच्या साहित्यात दोन मोठी माणसं. छत्तीसगडच्या मराठी घरांमध्ये याचा अभिमान असतो, मुक्तिबोधांचं वाचन मात्र बहुतेक वेळा शाळेतल्या हिंदीच्या धड्यापाशी थांबतं. कवी म्हणून ते कठीण आहेत हे खरंच. म्हणून मी म्हणते, दार उघडायचं तर कथेपासून उघडा. त्यांची 'ब्रह्मराक्षस का शिष्य' ही कथा दहा-पंधरा मिनिटांत वाचून होते आणि घरात मोठ्याने वाचली तर मुलंसुद्धा ऐकतात.

गोष्ट थोडक्यात अशी. विद्येसाठी काशीला आलेला एक अडाणी, खेडवळ मुलगा. त्याला एका प्रचंड, निर्मनुष्य भवनात गुरू भेटतात. तिथे राहून तो बारा वर्षं शिकतो आणि पंडित होतो. निरोपाच्या दिवशी गुरू-शिष्य जेवायला बसतात. पानात खिचडी आहे, तूप वाढायचं राहिलंय. शिष्य उठायला लागतो, गुरू म्हणतात, बस. आणि गुरू जागचे न हलता हात लांबवतात. तो हात तीन खोल्या ओलांडत जातो आणि तुपाची लोटी घेऊन परत येतो. शिष्याच्या खिचडीवर तूप पडतं.

आता बघा हं, इथे लेखकाने काय काय केलं नाही. वीज कडाडली नाही. कुत्री रडली नाहीत. गुरूंचे डोळे लाल झाले नाहीत, पाय उलटे नाहीत. बारा वर्षांत एकदाही शंका आली नाही, आणि शंका येते ती कधी, तर तूप वाढताना. प्रत्येक घरात रोज घडणारी गोष्ट. 'अगं बस, मी देते' असं पंगतीत किती जणी म्हणतात! त्या मायेच्या वाक्यातून हात निघतो आणि लांबत जातो. भीती वाटते ती हाताची नाही, त्या हाताने केलेल्या कामाच्या साधेपणाची. हात तलवार आणायला गेला असता तर ती नुसती चमत्काराची गोष्ट झाली असती.

दुसरी युक्ती त्याहून शांत आहे. कथा सुरू होते तेव्हा हा चमत्कार घडून गेलेला आहे. विद्यार्थी आठव्या मजल्यावरून जिने उतरत खाली येतोय, त्याच्या डोळ्यांपुढे तो हात पुन्हा पुन्हा येतोय, आणि आपल्याला कळत नाही की कसला हात, कुठला हात. आधी परिणाम, मग कारण. त्यामुळे 'हे शक्य आहे का' हा प्रश्न विचारायला आपल्याला उसंतच मिळत नाही. आपण विचारतो, 'काय झालं?' वाचकाच्या तोंडी हा दुसरा प्रश्न आला की लेखकाचं निम्मं काम झालं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यामुळे ही कथा नुसती युक्ती राहत नाही. हाताचा उलगडा होतो. गुरू सांगतात की मी ब्रह्मराक्षस आहे. ज्ञान मिळवलं, पण ते घ्यायला योग्य शिष्य मिळाला नाही, म्हणून जीव अडकून राहिला. आता तुला दिलं, मी सुटलो. पण तू अडकलास. तू हे पुढे कुणाला देत नाहीस तोवर तुलाही सुटका नाही. म्हणजे चमत्कार संपल्यावर हिशेब सुरू होतो. शिष्य जिना उतरतो तो स्वप्नातून उठलेल्या माणसासारखा हात हलवत नाही, खांद्यावर ओझं घेऊन उतरतो.

मराठीपासून लांब, पोलादाच्या गावात दोन-तीन पिढ्या काढलेल्या घरात ही कथा वाचली की तिचा वेगळाच अर्थ लागतो. आजीला येणाऱ्या ओव्या, कहाण्या, हादग्याची गाणी, कुणी घेतली? नात हिंदीत विचार करते, इंग्रजीत परीक्षा देते. तिची चूक काही नाही. पण ज्याच्याकडे आहे त्याचा जीव अडकलेला आहे, हे मुक्तिबोधांनी कुठल्याही भाषणापेक्षा नीट सांगितलं, कारण त्यांनी ते ब्रह्मराक्षसाच्या तोंडून सांगितलं.

जाता जाता एक. राजनांदगावला मुक्तिबोध ज्या घरात राहत ते जुन्या राजवाड्याच्या आवारातलं, तळ्याकाठचं. आता तिथे संग्रहालय आहे. तो गोल फिरणारा जिना चढताना कुणालाही वाटेल, अच्छा, हाच तो जिना! पण कथा छापली गेली जानेवारी १९५७ मध्ये, नागपूरच्या 'नया खून' साप्ताहिकात. राजनांदगावला ते आले त्यानंतर. जिना आधी लिहिला, चढले नंतर. कल्पना आणि वास्तव यांची रेघ कधी कधी लेखकाच्या आयुष्यातच अशी पुसली जाते. त्याला मी तरी काही नाव देणार नाही.

आता आपल्या घरातल्याच एका गोष्टीकडे वळू, कारण ही कला मुक्तिबोधांनी काही नव्याने शोधली नव्हती. श्रावणात कहाणी ऐकायला बसताना हातात अक्षता घेतात, आठवतं? पूर्वी बायका त्या मुठीत घट्ट धरून बसत आणि कहाणी संपली की देवाला वाहत. लहानपणी हे नुसतं व्रताचं नियमाप्रमाणे करायचं काम वाटतं. पण कथेच्या दृष्टीने पाहा. गोष्ट आटपाट नगरातली, राजा कुठला ते माहीत नाही, काळ माहीत नाही. आणि ऐकणारीच्या तळहाताला मात्र तांदळाचे दाणे टोचताहेत. तिच्या घरच्या डब्यातले. कल्पित नगर आणि आपला स्वयंपाकघरातला डबा यांना जोडणारा दुवा तिच्या मुठीत आहे. कुठल्याही लेखनकार्यशाळेत याहून चांगली युक्ती शिकवत नसतील.

आणि खुलभर दुधाची कहाणी घ्या. राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा आहे. दवंडी पिटली, गावातलं सगळं दूध आणून ओतलं, गाभारा भरेना. मग एक म्हातारी घरचं काम आवरून, मुलाबाळांना पाजून, वासरांना सोडून, उरलेलं खुलभर, म्हणजे जेमतेम वाटीभर, दूध घेऊन येते आणि ओतते. गाभारा भरतो. विज्ञानाच्या हिशेबाने अशक्य. पण कहाणी ऐकणाऱ्या एकाही बाईने आजवर 'हे कसं शक्य आहे' म्हणून विचारलं नसेल. का? कारण सगळं दूध देवळात नेलं तर घरची लेकरं उपाशी राहतात, वासरं हंबरतात, हे तिला माहीत आहे. ते दुधाचं अर्थशास्त्र इतकं खरं आहे की त्याच्या आधारावर गाभारा भरण्याचा चमत्कार सहज उभा राहतो. उलट, गाभारा भरला नसता तरच तिला गोष्ट खोटी वाटली असती! कल्पित भाग इथे पळवाट होऊन येत नाही. राजाच्या हुकमात काय चुकलं हे सांगायला दुसरा मार्ग त्या म्हातारीकडे नव्हता.

मला वाटतं, चांगल्या आणि वाईट अद्भुत कथेतला फरक इथेच आहे. अशक्य गोष्टीने काहीतरी खरं सांगितलं पाहिजे, जे सरळ सांगता आलं नसतं. आणि ती घडून गेल्यावर जगात काहीतरी मागे उरलं पाहिजे.

मागे उरण्यावरून डॉ. जयंत नारळीकर आठवतात. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' तुम्ही वाचली नसेल, तर तुमच्या अकरावीतल्या मुलाला विचारा. तिचं इंग्रजी रूप, 'द अ‍ॅडव्हेंचर', सीबीएसई शाळांतल्या मुलांनी 'हॉर्नबिल' या पाठ्यपुस्तकात अभ्यासलं आहे. मुंबईत किंवा पुण्यात वाढलेल्या मुलाला ते पानिपत घरचं वाटेल, आपल्याकडची मुलं त्याला 'लेसन' म्हणतात. असो, वाचली तरी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा एका जगात पोचतात जिथे १७६१ मध्ये मराठे पानिपत जिंकले. आपल्या इतिहासात विश्वासरावांना गोळी लागली. त्या जगात गोळी कानाजवळून निघून गेली. एवढाच फरक, दोन बोटांचा. आणि त्या दोन बोटांमुळे हिंदुस्थान वेगळा, मुंबई वेगळी. गंगाधरपंत मुलाला भेटायला त्याच्या कचेरीत जातात तर तिथे त्या नावाचं कुणी नाहीच.

परत आल्यावर सगळे म्हणणार, डोक्याला मार लागलाय, भास झाला. अपघात झालेलाच होता. म्हणजे 'जाग आली' म्हणायची उत्तम सोय नारळीकरांनी स्वतःच करून ठेवली, आणि मग ती नाकारली. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान निघतं. त्यावर गोळी निसटल्याचं छापलंय. घरच्या बखरीत त्याच जागी गोळी लागल्याचं आहे. पुढे कथेत पुंजवादाचं स्पष्टीकरण येतं, वैज्ञानिकाने लिहिलेल्या कथेत ते येणारच. मुलांना परीक्षेत तेच विचारतात. माझ्या मते मात्र सगळी कथा त्या फाटक्या पानावर उभी आहे. स्पष्टीकरण वाचून मी मान डोलावते; पान वाचून कानाजवळून काहीतरी गेल्यासारखं वाटतं.

खिशातलं पान, खिचडीवरचं तूप, मुठीतल्या अक्षता. बघा, तिन्ही वस्तू हातात मावतात.

याच्या अगदी उलट रस्ता विनोद कुमार शुक्लांचा. हेही राजनांदगावचेच, जन्म १९३७; पुढे आयुष्य रायपूरला, कृषी महाविद्यालयात शिकवण्यात गेलं. २०२४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना जाहीर झाला. 'दीवार में एक खिड़की रहती थी' ही कथा नाही, कादंबरी आहे, पण आजच्या विषयात तिला टाळणं अवघड. रघुवर प्रसाद गणिताचे प्राध्यापक, नवीन लग्न, भाड्याची एकच खोली. त्या खोलीला एक खिडकी. खिडकीतून पलीकडे उडी मारली की तळं, टेकडी, स्वच्छ वाटा, चहा देणारी म्हातारी. मागच्या बाजूने घराला वळसा घालून गेलं तर मात्र तसलं काही नाही. आणि याचं कुणाला आश्चर्य? नाही! रघुवर आणि सोनसी खिडकीतून जातात, फिरून येतात, भात शिजवतात. लेखकाचा आवाज एकदाही चढत नाही. तळ्याचं वर्णन आणि चुलीचं वर्णन एकाच पट्टीत. इथे पुरावा नाही, उलगडा नाही, भीतीही नाही. एका खोलीत दोघांनी आनंदाने राहायचं तर खोली कुठेतरी उघडायलाच हवी, एवढं साधं कारण आहे आणि ते पुरतं. पहिल्या क्वार्टरमध्ये संसार सुरू केलेल्या कुणालाही ती खिडकी ओळखीची वाटेल.

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या त्झ्वेतान तोदोरोव या समीक्षकाने १९७० साली अद्भुत साहित्यावर एक पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधारण असं, की हे खरं की भास, या दोहोंत वाचक अडखळतो तेवढ्या वेळेपुरतंच अद्भुत जिवंत असतं. निर्णय झाला की संपलं. काफ्कापुढे आपली ही मांडणी अपुरी पडते हे त्यानेही पाहिलं होतं. मला ती शुक्लांपुढेही अपुरी पडते असं वाटतं, कारण तिथे कुणी अडखळतच नाही. पण नारळीकरांना आणि आपल्या जी. ए. कुलकर्णींना ती बरीच लागू पडते.

जी. एं.बद्दल लिहायला हे सदर पुरायचं नाही, म्हणून एकच. 'पिंगळावेळ' (१९७७) मधली 'स्वामी' वाचा. एक प्रवासी एका माणसाच्या आमंत्रणावरून मठात जातो, जमिनीखाली उतरतो, आणि त्याला कळतं की आता आपण इथले महास्वामी आहोत आणि बाहेर जाणं नाही. या कथेत अशक्य असं काही घडत नाही. भूत नाही, लांबणारा हात नाही. तरी वाचून झाल्यावर वाटतं की आपण या जगात नव्हतो. पायरी पायरीने खाली नेलं जातं, प्रत्येक पायरी पटण्यासारखी, आदरातिथ्य तर इतकं की नाही म्हणणं असभ्य ठरावं. आणि दार बंद झाल्यावर मागे वळून पाहिलं तर नेमकी चुकीची पायरी कुठली ते दाखवता येत नाही. अद्भुताशिवाय रेघ पुसायची, ही सर्वांत अवघड वाट. नवशिक्यांनी तिथून सुरुवात करू नये, पण वाचावी जरूर.

आता तुमच्यासाठी. मागच्या काही महिन्यांप्रमाणे एक बीज देते, कथा तुम्ही लिहायची.

भिलाईतलं कुटुंब. आजोबा कारखान्यातून निवृत्त झाले, सेक्टरमधलं क्वार्टर सोडावं लागलं. पस्तीस वर्षांचा संसार टेम्पोत चढवून सगळे दुर्गच्या फ्लॅटमध्ये आले, तिसऱ्या मजल्यावर. जुन्या क्वार्टरच्या अंगणात पारिजातक होता. शेजारीपाजारी त्याला हरसिंगार म्हणायचे, आजी पारिजातक म्हणायची. नव्या बिऱ्हाडकरूने तो तोडला, असं कुणीतरी येऊन सांगितलं. आणि फ्लॅटमध्ये रोज सकाळी देवापुढच्या तबकात पारिजातकाची फुलं असतात. ओली.

एक लेखक लिहील, सूनबाईला जाग आली. त्याचं काय करायचं ते वर सांगितलंच आहे. दुसरा लिहील, आजीला वेड लागलं, ती बाजारातून फुलं आणते. हेही चालेल, पण मग ती आजाराची कथा होईल. तिचं दुःख वेगळं आणि पथ्यही वेगळं. तिसऱ्याने फुलांना हात लावू नये. ती आहेत म्हणजे आहेत. त्याने एवढंच पाहावं की ती कुणाच्या लक्षात पहिल्यांदा येतात, आणि लक्षात आल्यावर तो माणूस गप्प का बसतो. आजोबा गप्प असतील तर ती एक कथा. दहावीतली नात गप्प असेल तर अगदी दुसरी. आणि फुलांची किंमत कोण चुकवतंय तेही ठरवा, कारण फुकट आलेली फुलं कथेत दुसऱ्या दिवशीच सुकतात. आजीच्या पावलांना सकाळी माती लागलेली असते का? तिसऱ्या मजल्यावर?

मर्यादा दीड हजार शब्दांची. पहिल्या परिच्छेदात पारिजातक आणू नका. आधी टेम्पोत काय काय मावलं नाही ते सांगा.